चार नंबरची चाल

माझ्या नवऱ्याला बायका दोन. एक मी आणि दुसरी बकरीच्या कातड्याची. लाखनीत कुणालाही विचारा, मारोतराव म्हटलं की लोक 'ते मशकवाले' असंच म्हणतील, 'कलाबाईचा नवरा' असं कुणी म्हणणार नाही. एकतीस वर्षांच्या संसारात मला याचा जेवढा राग यायचा तेवढा येऊन गेला. आता रागावायलाही दम लागतो, आणि दमाचंच सगळं सांगायचं आहे.

मशक हा इंग्रजांच्या फौजेतला बाजा, कातडी पिशवीत हवा फुंकायची आणि बगलेत दाबून वाजवायचा. स्कॉटलंडचे सोल्जर तो वाजवायचे. ते गेले, बाजा इथेच राहिला. आमचे हे बावन्न साली फौजेत गेले ते बंदूक चालवायला, पण उंची चांगली आणि छाती रुंद पाहून त्यांना पाइप बँडात घातलं. तिथे गढवालच्या एका हवालदाराने त्यांना अकरा चाली शिकवल्या. चालींना इंग्रजी नावं होती, ती कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांना नंबर दिले होते. एक नंबर परेड सुरू होताना, दोन नंबर साहेब आल्यावर, चार नंबर लांबच्या कूचसाठी. हवालदार हातात काठी घेऊन पावलं मोजायचा. चाल पावलाच्या पुढे गेली की काठी पोटरीवर. हे एकोणसत्तर साली पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा त्यांच्या पोटरीवर काळे वण होते आणि सुरात एक केसभरही चूक नव्हती.

घरी आल्यावर तलावाखालची दोन एकर धानाची शेती आणि लग्नसराईत लाखनीच्या बँड पार्टीत मशक, असं आमचं चाललं. सगळा बँड मनाला येईल तसं वाजवायचा, हे मात्र परेडवर असल्यासारखे ताठ. आमच्या उषाच्या लग्नात क्लॅरिनेटवाल्याने एक सूर चुकवला तर यांनी वरात थांबवली. स्वतःच्या मुलीची वरात! नवरदेव घोड्यावर, ऊन डोक्यावर, आणि हे क्लॅरिनेटवाल्याला समजावून सांगताहेत. मला तेव्हा जमीन फाटली असती तर बरं वाटलं असतं.

बाजाची पिशवी दर दोन-तीन वर्षांनी नवी शिवावी लागायची. ते काम माझं. आतून गूळ आणि तेल चोपडायचं, म्हणजे कातडं मऊ राहतं आणि टाक्यांतून हवा सुटत नाही. आता गूळ म्हटला की मुंग्या आल्याच. एकदा नवरदेवाच्या पुढे उभं राहून यांनी नळी तोंडाला लावली आणि क्षणात ओठ भजीसारखा फुगला. तेव्हापासून ती सवत आमच्या घरात आढ्याला दोरीने टांगलेली असायची, आणि दोरीला मी हळद चोळून ठेवायची. शिवून झाल्यावर पिशवी फुगवून पाहायची, तेही मीच. रोज दोन वेळा चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या बाईच्या छातीत किती हवा असते याची पुरुषांना कल्पना नसते.

पंच्याऐंशी साली खळ्यावर धान चुरताना यांचा दमा उसळला. कोंडा छातीत गेला तो निघेना. बँडच्या मालकाने दोन लग्नं सांभाळून घेतली. तिसऱ्या लग्नात बाजाच्या आवाजातून यांची घरघर ऐकू यायला लागली आणि वरमाय मोठ्याने म्हणाली, "हे कोण कण्हून राहिलं बाप्पा?" त्यानंतर बँडवाल्यांकडून बोलावणं आलं नाही.  यांनी मशक आढ्याला टांगली आणि हे शेताच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन बसायला लागले.

शहाऐंशीच्या भादव्यात ती कॅसेट आली.

रोडवर भैयाजीचं दुकान होतं. रेडिओ दुरुस्त करायचा आणि कॅसेटीत भजनं, दंडारीच्या नाचातली गाणी भरून द्यायची, हा त्याचा धंदा. कलकत्त्याहून येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून तो जुन्या विलायती कॅसेटी घ्यायचा. कॅसेटीच्या कडेला तोडलेली भोकं असतात, ती कागद चिकटवून बुजवली की वर पुन्हा भरता येतं. पण भरण्याआधी तो प्रत्येक कॅसेट एकदा ऐकायचा, ही त्याची सवय. आम्ही त्या दिवशी दवाखान्यातून परत येत होतो. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की आता फुंकायचं नाही, फुगासुद्धा नाही. भैयाजीने दुकानातूनच हाक मारली.

"काकाजी, या इकडं! तुमचा बाजा वाजून राहिला पाहा माह्या दुकानात."

आम्ही बाकावर बसलो. त्याने बटण दाबलं. आधी ढोल आला, तोही कुठे लग्नाला उशीर झाल्यासारखा धावत. मग बासरी, मग गळ्यात अडकवून वाजवतात तसली पेटी, मग खरंच मशक. आणि या सगळ्यावर एक माणूस ओरडत होता. गात नव्हता, ओरडत होता. बाजारात बैल सुटला की मालक ओरडतो तसा. मागून पाच-सहा जण त्याला साथ देत होते, त्यातला एकही दुसऱ्याबरोबर नव्हता. मी पदराने तोंड झाकून हसायला लागले.

हे मात्र ताडकन उठले. चेहरा लाल. "हे तं चार नंबर आहे!" म्हणाले. "आमचं कूचचं चार नंबर! नासवलं, पार नासवलं यायनं. बंद कर गा भैयाजी!"

त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर कोट घातला. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, भैयाजीच्या दुकानात, शिव्या द्यायला. तिसऱ्या दिवशीही शिव्या द्यायला गेले. आठव्या दिवशी मी मीठ आणायला रोडवर गेले तर हे बाकावर डोळे मिटून बसलेले, आणि पाय हलत होता. सतरा वर्षं फौजेत राहिलेल्या माणसाचा पाय, हुकमाशिवाय.

कॅसेटीच्या डबीत बारीक अक्षरांचा एक घडीचा कागद होता. हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या श्यामराव मास्तरांनी तो वाचून दाखवला. ही आयर्लंडची पोरं, म्हणाले, लंडनात वाढलेली. यांचे आईबाप रस्ते खोदायला, बोगदे खणायला तिकडे गेले ते तिकडचेच झाले. आज्यापणज्याच्या चाली ही पोरं दारूच्या गुत्त्यात वाजवतात, पण अशा. एका गाण्यात बोगद्यात मेलेल्या माणसाला त्याचे सोबती विचारतात, तुझं फावडं कुणाला द्यायचं. दुसऱ्यात म्हातारी बोटीवर गेलेल्या लेकाला शिव्या घालते. या तऱ्हेला तिकडे पंक म्हणतात. आयर्लंड आणि स्कॉटलंड शेजारीशेजारी, म्हणून चाल एकच.

"पंक म्हणजे?" यांनी विचारलं.

मास्तरांनी जरा विचार केला. "म्हणजे नीट वाजवायचं नाही असं ठरवून वाजवायचं."

"आज्याचं नाव बुडवतात आणि वरून त्याले नावही आहे," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. म्हणाले, "बुडत नाही ना पण. आठ दिवस ऐकून राहिलो मी. मशकवाला बेसूर, ढोलवाला पुढं पळते, तो ओरडते तो तं वेगळाच. आणि चाल मोडत नाही, मास्तर. किती झोडपली तरी मोडत नाही."

घरी येताना तलावाच्या पाळीवर ते तीनदा थांबले, श्वासासाठी. तिसऱ्यांदा थांबले तिथे खाली बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"कला, सतरा वर्ष मी पलटणीच्या पावलानं वाजवलं. मंग सतरा वर्ष नवरदेवाच्या घोड्याच्या पावलानं. माह्या स्वतःच्या पावलानं कधी वाजवलंच नाही. एकदा चार नंबर असं वाजवाचं आहे, त्या पोरायसारखं. लोकायसमोर. मंग ठेवून देतो."

"दम आहे का तेवढा?"

"नाही," ते म्हणाले. पाळीवरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. "तुह्यापाशी आहे."

मी घरी येईपर्यंत बडबडत होते. तीस वर्षं चुलीत फुंकलं, तुमच्या पिशव्या फुंकल्या, आता म्हातारपणी बाजाही मीच फुंकू का? लोक काय म्हणतील? ते माझ्या मागून येत होते. दुसऱ्या दिवशी दोन हात लांब रबरी नळी घेऊन आले. ती बाजाच्या फुंकायच्या नळीला बसवली. त्या नळीच्या आत चामड्याची जीभ असते, हवा आत जाते पण मागे येत नाही. म्हणजे मी बाजूला बसून फुंकायचं, त्यांनी कोपराने पिशवी दाबायची आणि बोटं फिरवायची. मी नाही म्हणाले. संध्याकाळी मीच म्हणाले, बरं.

दुपारची कामं आटोपली की आम्ही शेतातल्या मांडवात जायचो. पहिले चार दिवस मला घेरी यायची. डोळ्यांपुढे काजवे, कानात घणघण, आणि हे हवालदार झालेले. "दम तोडू नको! मधात काहून थांबली?" दोनदा मी नळी फेकून घरी निघून आले. पण फुंकणीचं जसं असतं तसंच याचं, एकदा ताल सापडला की छाती आपोआप चालते. हे पिशवी दाबायला लागले की मी श्वास घ्यायची, ते सैल सोडत तेव्हा मी भरायची. आणि एका दुपारी चाल सुटली. आधी परेडच्या पावलाने, मग थोडी जलद, मग अशी की यांची बोटं मला दिसेनात. पाळीवरचे बगळे उडून गेले. मी फुंकत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, जोराने फुंकल्यामुळे असेल. सांगायला लाज वाटते, पण उषाच्या जन्मानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम.

चाल संपली तेव्हा धुऱ्यावर नत्थू उभा होता. बँडातला डफवाला, तीन लेकरांचा बाप, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. खर्रा थुंकून म्हणाला, "काकाजी, अड्याळच्या मंडईत वाजवा हे. डफ माहा."

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार, पाळणे, नाच, दंडार. ज्याच्याजवळ जे वाद्य असेल ते घेऊन यावं, कुणाचं बोलावणं लागत नाही. यांचे डोळे चमकले. मी मात्र रबरी नळी गुंडाळायला लागले, कारण अड्याळ हे उषाचं सासर.

उषाची सासू जनाबाई. तिच्याबद्दल वाईट बोलू नये, पण खरं बोलायला हरकत नाही. मुलगी पाहायला आली तेव्हा पहिला प्रश्न तिने हाच विचारला होता, "बाजेवाल्याची पोरगी व्हय का?" दोन एकर धान आणि यांची फौजेतली पेन्शन, एवढ्यावर लग्न जमलं. एकदा उषा डोक्यावर पदर न घेता विहिरीवर गेली तर जनाबाई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. आठ दिवस! एका घरात, एका चुलीवर. अशा बाईच्या गावात, भर मंडईत, तिच्या विहिणीने तोंडात नळी धरून गाल फुगवायचे? माझं काय, मी संध्याकाळच्या बसने घरी येईन. उषाला तिथे जगायचं होतं.

यांना सांगितलं तर म्हणाले, "मी समोर राहीन, तू मागं बस. नळीवर पदर घे. कोणाले दिसते?" मी मान हलवली. मनात उषाची काळजी होती, तशी हौसही होती. मंडईत ती चाल लोकांच्या कानावर पडावी असंही वाटत होतं. माझी हवा आहे त्यात, असंही वाटत होतं. हे मी त्यांना बोलले नाही.

भाऊबीजेला उषा घरी आली. आम्ही तिला मांडवात नेऊन वाजवून दाखवलं, पूर्ण, जलद, शेवटपर्यंत. ती आधी पोट धरून हसली. "माय वं, तुहे गाल!" मग हसायची थांबली आणि संपेपर्यंत उभी राहिली. जाताना मी तिला चारचारदा बजावलं, "सासूले सांगू नको बरं." ती हसली आणि बसमध्ये चढली.

मंडईच्या दिवशी यांनी फौजेतला कोट घातला. दुपारी अड्याळला पोचलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. जिलेबीचा वास, पाळण्याची करकर, कुठे दंडारीची टाळ. नत्थूने पिंपळाखाली जागा धरली होती, त्याच्यासोबत आणखी दोन डफवाले. हे ताठ उभे राहिले, मी मागे पोत्यावर बसले, नळी पदराखाली घेतली. माणसं जमायला लागली. नत्थूने डफावर थाप दिली, आणि मी भरण्यासाठी मान वर केली.

समोर, अगदी पहिल्या रांगेत, ताडपत्रीवर मांडी घालून जनाबाई बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन बायका. ती यांच्याकडे बघत नव्हती. यांच्या कोटाच्या बाजूने, सरळ माझ्याकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. तिच्या मागे उषा उभी, कपाळापर्यंत पदर. मी बघितल्यावर उषाने हात थोडासा वर केला. मला वाटलं, ती नको म्हणतेय.

 नळी ओठांवर होती, छाती भरलेली होती, आणि फुंकता येईना. आठ दिवस न बोलणारी ही बाई आज घरी जाऊन काय करील, एवढंच डोक्यात होतं. मी नळी खाली ठेवली.

"माह्यानं होत नाही," मी म्हटलं.

हे वळले. "काय झालं?"

"समोर पाहा."

त्यांनी पाहिलं. मला वाटलं होतं, रागावतील. हवालदारासारखे ओरडले असते तर मी कदाचित फुंकलं असतं.  ते वाकले, रबरी नळी काढली, माझ्या मांडीवर ठेवली आणि बाजाची लाकडी नळी स्वतःच्या तोंडात धरली.

पहिली ओळ त्यांनी वाजवली. तशीच, मांडवातल्यासारखी, जलद.  दुसरी ओळही आली. दंडार बघणारी काही माणसं इकडे वळली, एका म्हाताऱ्याने टोपी उडवली. तिसऱ्या ओळीत बाजाचा आवाज खाली बसायला लागला. त्यांनी आणखी एकदा फुंकायचा प्रयत्न केला आणि खोकल्याची उबळ आली. वाकले ते वाकलेच राहिले. नत्थू भला माणूस, त्याने डफ थांबवला नाही. बराच वेळ नुसता डफ वाजवत राहिला, लोकांना वाटावं की हे असंच ठरलं होतं. मग एकेक करून माणसं पाळण्याकडे निघाली.

जनाबाई उठली, लुगडं झटकलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेली. मी मनाशी म्हटलं, झालं ते बरंच झालं. उषा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने बाबांची पाठ चोळली. माझ्याकडे बघितलंही नाही.

बसमध्ये हे खिडकीशी बसले. कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. लाखनी जवळ आली तेव्हा म्हणाले, "दोन ओळी झाल्या ना."

"हाव," मी म्हटलं. "दोन झाल्या."

त्यानंतर त्यांनी मला फुंकायला सांगितलं नाही. मांडवात गेले नाहीत. भैयाजीने विचारलं, "काकाजी, ती कॅसेट ठेवू का भरून टाकू?" तर म्हणाले, "भर." त्याने तिच्यात हरिपाठ भरला. पौषात थंडी वाढली तसे यांचे पाय सुजले, मग बोटं सुजली. खाट दारापाशी आणली, म्हणजे ऊन लागेल. मी धानाचं, घराचं, औषधाचं बघत राहिले. मनात एकच समाधान धरून होते, की उषाचं सासर मी सांभाळलं.

माघात जनाबाई आजारी व्याह्याला बघायला आली. उषा सोबत. पिशवीत पोपटाच्या, वालासारख्या शेंगा, स्वतःच्या शेतातल्या. खाटेजवळ चटईवर बसली, यांची विचारपूस केली, पाणी प्याली. मग वर आढ्याकडे बघून म्हणाली, "तोच का तो बाजा?"

"हाव," मी म्हटलं.

"मंडईत तुम्ही फुंकला काहून नाही, विहीणबाई?"

मला वाटलं, आता सुरू. मी मान खाली घातली. "तुम्हाले आवडलं नसतं," मी कशीबशी म्हटलं.

"मले?" जनाबाई माझ्याकडे बघत राहिली. "मी तं तुमच्यासाठीच बसली होती. उषानं सांगतलं होतं ना मले, माय फुंकते आणि बाबा वाजवते म्हणून. सकाळपासून जागा धरून बसली मी, सैपाक सोडून. माह्या दोन्ही जावा घेऊन आली होती. म्हटलं, पाहा, माही विहीण मंडईत बाजा फुंकते, कोणाची विहीण फुंकते अशी? आणि तुम्ही मले पाहून नळी ठेवून देल्ली. मले वाटलं, माह्यासमोर वाजवाचं नसंल तुम्हाले. चार लोकायत तोंड पडलं माहं. उठून गेली मंग."

उषा उंबऱ्याशी उभी होती. हळूच म्हणाली, "मी हात केला होता ना माय तुले. फुंक म्हणून."

 कुठे बघावं ते मला कळेना. खाटेवर हे हसायला लागले. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसले. डोळे पुसले. मला हसू आलं नाही. मंडईच्या दुपारी माझी छाती भरलेली होती, हे मला आठवत होतं. ती हवा मी कुणाच्या भीतीने गिळली? जी बाई माझ्यासाठी सैपाक सोडून बसली होती तिच्या.

"मंग आता ऐकवा," जनाबाई म्हणाली. "एवढ्या लांबून आली मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी मशक खाली काढली. तीन महिने तेल नाही, कातडं कडक झालं होतं. ओल्या फडक्याने पुसून, चोळून जरा मऊ केलं. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, पिशवी बगलेत दिली, रबरी नळी बसवली. पदर सावरला नाही. भर दिवसा, दार उघडं, विहीण समोर. मी छाती भरून फुंकलं.

हवा भरपूर होती. मी भरत गेले, भरत गेले, दम तोडला नाही. पण बोटं सुजलेली, भोकांवर बसेनात. त्यांनी जलद सुरू करायचा प्रयत्न केला, दोन सूर एकमेकांत अडकले, थांबले. मग परेडच्या पावलाने सुरू केलं. तेही जमेना, मग त्याच्याही खाली. एकेक सूर चाचपत, आजारी माणूस भिंत धरून न्हाणीपर्यंत जातो तसे ते चार नंबर वाजवत गेले. दोन जागी चुकले. मागे फिरून चूक दुरुस्त केली नाही, पुढे गेले. ओळी पूर्ण झाल्या, सगळ्या. त्यांनी बोटं उचलली, मी नळी सोडली.

जनाबाईच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता, तिला कळलं नव्हतं. ती तशीच बसून होती. "हेच का ते?" तिने विचारलं. "मंडईत वाजवणार होते ते?"

एका सुरासाठी पोटच्या मुलीची वरात थांबवणारा माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव," म्हणाले, "हेच ते."

"हेच," मीही म्हटलं.

"चांगलं आहे," जनाबाई म्हणाली. "निवांत आहे."

उषाने दिवाळीत ते खरं, जलद चार नंबर ऐकलं होतं. ती आत चहा ठेवायला गेली.